डावा की उजवा

तो अपघात माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. जावा म्हणून काही काळ मी प्रयत्न केला, नंतर तो प्रयत्न सोडून दिला. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की साधारण दरोडे, खून, टोळ्या असलं काहीतरी लिहितो. तसे दोन-चार तपास माझ्याकडेही आहेत आणि त्यांत मी बऱ्यापैकी हुशार दिसतो. हा तसा तपास नाही. एका साध्या चौकातला हा अपघात आहे, आणि यात मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवलं. नोकरीत असताना हे कुणाजवळ बोललो नाही. घरीसुद्धा नाही. पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली, अंगावर वर्दी राहिली नाही, तेव्हा कुठे लिहायचं धाडस होतंय. नावं कुणाचीच देत नाही.

नागपूरच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. कळमेश्वरकडून शहरात येणारा रस्ता आमच्या हद्दीतून जातो. त्या रस्त्यावरच्या एका चौकात उड्डाणपुलाचं काम चालू होतं. रस्ता अरुंद केलेला, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे सिमेंटचे ठोकळे रांगेनं मांडलेले. चौकातला कॅमेरा खांबासकट काढून ठेवला होता. सिग्नल चालू होता म्हणायचा, पण फक्त पिवळा दिवा लुकलुकत असायचा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करा, दोन्ही बाजू बघा, मग जा. हे लायसन्सच्या परीक्षेत विचारतात आणि पोरं बरोबर उत्तर देतात. चौकात मात्र त्याचा अर्थ ‘सिग्नल बंद आहे, चला’ असाच घेतला जातो.

अपघात भर दुपारी झाला. शहराकडे येणारी एक पांढरी कार, चालवणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, लायसन्स नवंकोरं. चौकात कारच्या डाव्या हाताला असलेल्या वस्तीतून एक स्कूटर बाहेर पडली. तिला चौकात उजवीकडे वळून कळमेश्वरच्या दिशेला लागायचं होतं, म्हणजे कारच्या समोरून आडवं जायचं होतं. कारनं स्कूटरला मधोमध धडक दिली. स्कूटर चालवणारा पंचेचाळिशीतला, कळमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. थोडी शेती, शिवाय एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीची नोकरी. त्याचं उजवं मनगट मोडलं. मागं बसलेली बायको जागीच गेली.

वस्तीतल्या दाताच्या दवाखान्यातून ती दोघं निघाली होती. बाईंची दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला, म्हणून हेल्मेट डोक्यात न घालता हातात अडकवून बसलेल्या. पंचनाम्याला मी स्वतः होतो. ते हेल्मेट रस्त्यावर पडलं होतं, त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

संध्याकाळी ठाणे अंमलदारानं मला सांगितलं, चौकातल्या पानठेलेवाल्याचा फोन आला होता, त्यानं सगळं पाहिलंय म्हणे. अपघाताच्या गुन्ह्यात असा फोन म्हणजे लॉटरी. लोक जखमीला उचलतील, पाणी पाजतील, पण जबाबाचं नाव काढलं की पांगतात. हा स्वतः फोन करत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. त्याचा ठेला रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे येणाऱ्या कारच्या उजव्या हाताला. त्यानं ठामपणे सांगितलं की पोरीनं उजवा इंडिकेटर दिला होता, स्कूटरवाला मधे घुसला, पोरीला वळताच आलं नाही, ती सरळ गेली अन् ठोकलं. कोणाच्या बाजूनं बोलतोय असं कुठेच वाटलं नाही. मधेमधे गिऱ्हाइकाला पान लावून देत होता आणि तेवढ्याच सहजपणे मला सांगत होता.

मुलीचा जबाब तिच्या वडिलांसमोर घेतला. वडील बँकेत नोकरीला, अदबीनं बोलणारे. मुलगी वडिलांना चिकटून बसली होती, पण बोलणं नीट. मी विचारलं, इंडिकेटर कुठला दिला होता, डावा की उजवा? ती म्हणाली, “सर, एकही नाही. मला सरळ जायचं होतं.” मी मनात म्हटलं, घाबरलीये, आठवत नाही. पानठेलेवाला उजवा म्हणतो, तर नकळत काठी दाबली गेली असेल. काही झालं तरी दोष मधे घुसणाऱ्याचाच. इथं एक गोष्ट कबूल करतो. ती मुलगी माझ्या पुतणीसारखी बोलत होती, तिचे वडील माझ्या भावासारखे बोलत होते. मी नागपूरच्या महाल भागात वाढलेला, कारकुनाचा मुलगा. असं बोलणारी माणसं मला आपोआप खरी वाटायची. हा पक्षपात मी कुठल्या कागदावर लिहिला नाही, पण तो तपासात पहिल्या दिवसापासून होता.

स्कूटरवाल्याचा पहिला जबाब दवाखान्यात झाला होता. त्यात त्याचं म्हणणं असं की कारनं डावा इंडिकेटर दिला होता. डावा, म्हणजे कार त्यांच्याच वस्तीत वळणार होती. मग कारच्या समोरून जायला त्याला हरकत नव्हती, म्हणून तो निघाला.

एक साक्षीदार डावा म्हणतो, एक उजवा म्हणतो, आणि चालवणारी म्हणते एकही नाही. आता वाचणाऱ्याला वाटेल, इथं थांबून विचार करायला हवा होता. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, तिघांतल्या एकाला खोटं बोलायचं कारण आहे. पानठेलेवाल्याला नाही. मुलीनं तर स्वतःच्या फायद्याचंही काही सांगितलेलं नाही. राहिला कोण?

मी त्याला ठाण्यात बोलावलं. बाईंची तेरवी अजून झाली नव्हती. हाताला प्लास्टर, अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट. मेहुण्यानं, म्हणजे बाईंच्या भावानं, त्याला मोटरसायकलवर आणून सोडलं आणि तो खोलीच्या दाराबाहेरच उभा राहिला, आत आला नाही. ते मी टिपलं. पोलीस असलं टिपतोच. म्हटलं, सासरच्यांनाही याचा संशय आहे.

मी त्याला अरे-तुरे केलं. वयानं तो माझ्या बरोबरीचा होता.

सुरुवातीला तो शांतपणे उत्तरं देत होता. चौकात थांबलास का? थांबलो. कार दिसली का? दिसली, ठोकळ्यांच्या वरून दिसली. इंडिकेटर?

“डावाच देला होता साहेब. मी माह्या डोयानं पाह्यला.”

मग मी विचारलं, थांबला होतास, कार दिसत होती, तर निघालास काहून? घाई कशाची होती? आणि इथं तो अडखळला. नजर टेबलावर गेली. म्हणाला, इंडिकेटर पाहून निघालो. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, पण मधे क्षणभर थांबून. चौकशी करून करून आम्हाला एक सवय लागते. शब्दांपेक्षा शब्दांमधली जागा ऐकू येते. या माणसानं नेमक्या त्या प्रश्नावर काहीतरी गिळलं होतं, यात मला शंका नव्हती. आजही नाही. तो लपवत होता. फक्त काय लपवत होता, ते मी स्वतःच ठरवून टाकलं.

मी सांगितलं, समोरचा माणूस उजवा म्हणतोय, तो काय आंधळा आहे? तो म्हणाला, “तो काय सांगते मले नाई मालूम.” मी हेल्मेटचं काढलं. बायकोच्या डोक्यात हेल्मेट काहून नव्हतं? तो दाढेचं सांगायला लागला तर मी मधेच तोडलं. मारलं नाही. बोटही लावलं नाही. पुढं बरीच वर्षं याचंच मला समाधान होतं. मी जे केलं ते असं. खुर्ची त्याच्याजवळ ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणालो, “तुझी बायको गेली. तिची तेरवी व्हायची आहे. त्याआधी तरी खरं बोल. त्या गाडीसमोर तिला कोणी नेलं?”

त्यानं प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला.

“मी नेलं.”

“मग चूक कोणाची?”

“माही होये साहेब. लिहा.”

मी लिहिलं. इंडिकेटर दिसला नाही, अंदाज चुकला, घाईत स्कूटर पुढे घातली. त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. बाहेर आल्यावर आमचा एक हवालदार म्हणाला, साहेब, एका बैठकीत काम झालं. मला बरं वाटलं. तेही लिहून टाकतो.

आता कायद्याचं एक. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. नवीन भरती झालेल्या शिपायालाही हे माहीत असतं. मीही त्या जबाबाच्या जोरावर नव्हे, पानठेलेवाल्याच्या जोरावर गुन्हा उभा करणार होतो, त्याच्यावरच, निष्काळजीपणानं बायकोच्या मृत्यूला कारणीभूत झाल्याचा. पण न्यायालयात न चालणारी कबुली घरात चालते. दाराशी उभ्या मेहुण्यानं ती ऐकली, गावात सांगितली. त्याला एकच मुलगी, कॉलेजात जाणारी. तेरवीनंतर मामा तिला कळमेश्वरला घेऊन गेला आणि ती बापाशी बोलेनाशी झाली. हे मला त्याच हवालदारानं नंतर सांगितलं. सांगताना तो हसत नव्हता.

दोषारोपपत्राचे कागद वर गेले तर वरिष्ठांनी एक शेरा मारून परत पाठवले. नकाशात ठोकळ्यांची रांग दाखवलेली नाही, जागेवर जाऊन दुरुस्ती करा. एवढंच. शेरा बरोबर होता, माझा नकाशा आळशीपणानं काढलेला होता. मी टेप घेतली, जीप घेतली आणि आमच्या चालक शिपायाला घेऊन चौकात गेलो.

स्कूटर जिथं थांबली होती तिथं मी उभा राहिलो. ठोकळ्यांवरून मुख्य रस्ता किती दिसतो ते मोजायचं होतं. चालकाला म्हटलं, मागून वळून ये आणि कारच्या वाटेनं चौकातून सरळ जा. तो गेला. थोड्या वेळानं ठोकळ्यांवरून जीपचं टप आलं, काचा आल्या, आरसा आला. आणि बाजूला डावा इंडिकेटर लुकलुकताना दिसला. मी हात वर केला, ओरडलो, “अरे सरळ म्हटलं ना, इकडं काहून वळतो?” जीप माझ्यासमोरून सरळ निघून गेली.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, चालक जीप लावून खाली उतरला होता. म्हटलं, तुला सरळ जा सांगितलं, डावा कशाला दिला? तो गोंधळला.

“डावा कुठं साहेब? सरळच तं गेलो. चारही लावले होते.”

तेवढ्यात ठेल्यावरून तो पानवाला म्हणाला, “तुमच्यानंही उजवा देला अन् सरळ गेला, साहेब. पोलिसाले कोण पकडन?” आणि गिऱ्हाइकं हसली.

मी हसलो नाही. मी टेप हातात धरून तिथंच उभा राहिलो. कमरेएवढे ठोकळे. त्यांच्यामागं गाडीचे पुढचे दिवे झाकले जातात. वर दिसतो तो आरशाच्या बाजूचा दिवा, आणि तो एकाच बाजूचा दिसतो. चारही इंडिकेटर लावले की डावीकडच्या माणसाला डावा लुकलुकताना दिसतो, उजवीकडच्याला उजवा. दोघंही शपथेवर सांगतील आणि दोघंही खरं सांगतील.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल कदाचित, पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. चौकात सरळ जायचं असलं की चारही इंडिकेटर लावायचे. हे कुठल्या नियमात नाही. चारही दिवे गाडी उभी असताना लावायचे असतात. बंद पडली, पंक्चर झाली, रस्त्यात अडथळा होऊन उभी राहिली, तर मागच्याला कळावं म्हणून. सरळ जाणाऱ्यानं काहीच दाखवायचं नसतं, काही न दाखवणं म्हणजेच सरळ. पण आमच्या लोकांना काही न दाखवता चौक ओलांडणं उर्मटपणाचं वाटतं की काय कोण जाणे. डावीकडे जाणारा सांगतो, उजवीकडे जाणारा सांगतो, मग सरळ जाणाऱ्यानंही सांगायला नको? म्हणून तो चारही लावतो. चांगुलपणानं लावतो. आमची जीप रोज लावायची. मी शेजारी बसलेला असायचो. कधी मला खटकलं नाही.

तिथून मी थेट कार चालवणाऱ्या मुलीच्या घरी गेलो. ती खाली बघून बसली. मी विचारलं, त्या दिवशी चारही इंडिकेटर लावले होते का? तिनं मान वर केली.

“हो सर. ते तर सरळसाठी असतात ना. लावले होते.”

“मग आधी सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं, डावा की उजवा. मी म्हटलं, एकही नाही.”

तिचं काही चुकलं नव्हतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं तिनं नेमकं उत्तर दिलं होतं. प्रश्नच मी दोन बाजूंचा विचारला होता. तिला गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाला गाठलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं की मुलांना हे कसलं शिकवता. तो अजिबात दबला नाही. म्हणाला, रोज सकाळी पोरं घेऊन निघतो तेव्हा तुमची जीप चारही लावून चौकातून जाते, पोरं विचारतात, सर हे काय, तर मी काय सांगू, पोलीस चुकतात म्हणून? 

त्याच आठवड्यात मी स्कूटरवाल्याच्या गावी गेलो. ठाण्यात बोलावलं नाही, स्वतः गेलो. या वेळी ‘तुम्ही’ म्हणालो, आणि तेवढ्यानं त्यांचं काही परत मिळत नव्हतं. ते पाळीवरून येऊन ओसरीत बसले होते. घरात एकटेच. मी उभ्याउभ्याच सांगितलं, भाऊ, तुम्ही पाहिलं ते बरोबर होतं. गाडीचा डावा इंडिकेटर लुकलुकत होता. चारही लुकलुकत होते. तुम्हाला डावाच दिसणार होता. तुमच्या जागी मी असतो तर मलाही डावाच दिसला असता, आणि परवा दिसला.

त्यांना आनंद होईल असं मला का वाटलं, कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, “मंग तिनंही तोच पाह्यला.”

मी विचारलं, कोणी?

तेव्हा त्यांनी सांगितलं. चौकात ते थांबले होते. कार दिसली, इंडिकेटर दिसला, तरी त्यांचं धाडस होत नव्हतं. त्यांना वाटलं, जाऊ दे, वळून जाऊ दे, मग निघू. बाईंच्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. बाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. दोनदा. म्हणजे चला. नेहमीची खूण. म्हणून ते निघाले.

“मी ते तुमच्याजवळ सांगतलं नाई. सांगतलं असतं तं तुम्ही लिहिलं असतं, बाईनं चल म्हणलं म्हणून गेला. साऱ्या गावानं वाचलं असतं. ती गेली, अन् वरून तिच्याच माथ्यावर? म्हणून म्हणलं, माहीच चूक लिहा.”

 निघालास काहून, या प्रश्नावर त्यांनी गिळलं होतं ते हे होतं. मी मात्र ते गिळणं गुन्हा म्हणून वाचलं होतं.

जरा वेळानं ते म्हणाले, “मले वाटून राह्यलं होतं का दोघायलेही भास झाला. नाई झाला ना साहेब?”

“नाही झाला.”

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले, आणि मग, “हे तिचं कागदावर नका लिहू.” मी लिहिलं नाही. ते निकालासाठी आवश्यकही नव्हतं.

बाकीचं सगळं मात्र लिहिलं. नवीन नकाशा काढला, जीप घेऊन त्या वाटेनं पुन्हा चाचणी घेतली, या वेळी पंचांसमक्ष, पानठेलेवाल्याचा आणि मुलीचा पुरवणी जबाब घेतला. वरिष्ठ म्हणाले, साक्षीदार आहे, माणसानं मान्य केलंय, कशाला उकरून काढता, तुमच्याच अंगावर येईल. मी सांगितलं, येऊ द्या. अहवालात स्पष्ट लिहिलं की स्कूटरचालकाचा दुसरा जबाब तपास अधिकाऱ्यानं दबाव टाकून घेतलेला आहे, तो विचारात घेऊ नये. तपास अधिकारी म्हणजे मीच. माझा खुलासा मागवला गेला, लेखी समज मिळाली. त्या भाऊंवरचा आरोप काढून टाकला गेला. मुलीवर खटला चालला, कारण पिवळ्या लुकलुकत्या दिव्यावर तिनं वेग कमी केला नव्हता आणि चारही इंडिकेटर लावून ती चालत्या गाडीनं चौकात शिरली होती. तिचं मला वाईट वाटतं. तिला कुणी नीट शिकवलं असतं, तर तिनं गाडी नीट चालवली असती, इतकी ती सरळ मुलगी होती.

कागद सुधारले, पण ती कबुली अजून त्या भाऊंच्या घरात होतीच. ती कागदानं निघणारी नव्हती. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं, मी निघताना एवढंच म्हणाले होते की पोरगी फोन उचलत नाही. म्हणून मी कळमेश्वरला तिच्या मामाच्या घरी गेलो. वर्दीत गेलो. ज्या वर्दीनं बिघडवलं, तिनंच जाऊन सांगावं असं वाटलं.

मामा दारातच उभा राहिला. मी म्हटलं, आत चला, सगळ्यांसमोर बोलायचंय. मामी, आजी, ती मुलगी. मी खुर्चीवर बसलो नाही. मुलीला सांगितलं की तुझ्या वडिलांनी ठाण्यात जे कबूल केलं ते मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. ते पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. मी त्यांना खोटं म्हणालो. चारही इंडिकेटरचं मी वाकून जमिनीवर बोटानं रेघा ओढून समजावलं. आजीला समजायला वेळ लागला. मामाला लगेच समजलं, त्याची मान खाली गेली. तोही तसेच लावत असणार.

मुलगी एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकच प्रश्न विचारला.

“आईनं पाह्यला होता का तो इंडिकेटर?”

उत्तर मला माहीत होतं. ते द्यायचा अधिकार माझा नव्हता.

“ते बाबांनाच विचार,” मी म्हणालो. “फक्त त्यांनाच माहीत आहे.”

ती आत गेली, ओढणी घेऊन बाहेर आली आणि चपला घालता घालता मामाला म्हणाली, “चाल, मले घरी सोडून दे.” मामा मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला. मी तिला थांबवलं, म्हटलं, हेल्मेट. तिनं ते घेतलं, डोक्यात घातलं आणि खालचा पट्टा लावला. ती दोघं निघून गेली आणि मी मागं त्या आजीसमोर उभा राहिलो. तिनं मला पाणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

हे सगळं लिहिण्याआधी मी त्या भाऊंच्या मुलीला भेटून विचारलं. खांद्यावरच्या त्या थापेचंसुद्धा लिहू का, असं विशेष विचारलं. तिनं वडिलांना विचारून कळवलं, लिहा, नाव नका देऊ.

आता रविवारी सकाळी नवीन लायसन्स काढणाऱ्यांना मी एक तास शिकवतो. फुकट शिकवतो, कुणी बोलावलं तर जातो, नाही बोलावलं तर विचारत जातो. मोठं ज्ञान नसतं त्यात. सरळ जाताना कुठलाही दिवा लावू नका. पिवळा लुकलुकत असेल तर ब्रेकवर पाय ठेवा, डावी-उजवी बाजू खरोखर बघा, बघितल्यासारखं करू नका. समोरच्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकतोय म्हणून ती वळणारच असं धरून निघू नका. तिचं पुढचं चाक बघा, वेग कमी होतोय का बघा, चाक वळलं की मग निघा. मागं बसलेलं माणूस चल म्हणालं तरी निघायचं की नाही हे ज्याच्या हातात हँडल आहे त्यानं ठरवायचं. गाल सुजला असला, केस ओले असले, घर समोर दिसत असलं, तरी हेल्मेट डोक्यातच. पोरं ऐकतात. काही जण म्हणतात, काका, सगळेच चारही लावतात. मी म्हणतो, हो, मीही लावायचो, पोलिसांच्या जीपमध्ये. मग ती जरा गप्प बसतात आणि त्यांना खरं ऐकायची तयारी होते, असा माझा अनुभव आहे.

तपासाबद्दल मला या प्रकरणानं जे शिकवलं ते याहून अवघड आहे. समोरचा माणूस काहीतरी दडवतोय, हे ओळखण्याचं कसब आम्हाला येतं आणि त्याचा आम्हाला गर्व होतो. पण माणसं गुन्हाच दडवतात असं नाही. लाज दडवतात, प्रेम दडवतात, मेलेल्या माणसाची अब्रू दडवतात. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आणि प्रश्न दोनच बाजूंचा विचारला तर तिसरं उत्तर समोर बसलेलं असूनही ऐकू येत नाही.

ते भाऊ अधूनमधून कळमेश्वरच्या बाजारात दिसतात. मुलगी शिकून नोकरीला लागली आहे, कधी तिच्या गाडीवर मागं बसलेले असतात. आम्ही मान हलवतो. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. त्या माणसाला मी एकदा मला हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहिलो आहे. तेवढं पुरे.